वडिलांचा रकाना

कट्ट.

आजोच्या अडकित्त्यात सुपारी फुटली, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की गेला पाव तास घरात कुणीच बोललेलं नाही. आई समोर तांदूळ निवडायला बसली होती, पण सूप नुसतंच मांडीवर होतं. मी जेवणाच्या टेबलावर फॉर्मच्या चार प्रती पसरल्या होत्या. चारही प्रतींवर तोच एक रकाना कोरा होता.

"अजून तिथेच?" आईने विचारलं.

"तिथेच."

"अलाहाबादला पाच दिवस परीक्षा दिलीस. भिंतींवरून उड्या मारल्यास, दोरावर चढलीस. आणि बापाचं राष्ट्रीयत्व लिहिता येईना?"

बावीस वर्षांची होते मी. सैन्यात अधिकारी व्हायचं यापलीकडे मला दुसरं काही सुचत नव्हतं. निवड मंडळाने दोनदा परत पाठवलं होतं, तिसऱ्या खेपेला घेतलं. मेडिकल झालं, गुणवत्ता यादीत नाव आलं. राहिला होता तो एवढा पडताळणीचा फॉर्म. दहा दिवसांत भरून, सही-शिक्क्यानिशी पाठवायचा. त्यावर पोलिसांची चौकशी आणि मग चेन्नईच्या अकादमीचं पत्र.

सातवा रकाना वडिलांचा. नाव. राष्ट्रीयत्व, जन्माने आणि अधिवासाने. व्यवसाय. सध्याचा पत्ता. आणि पहिल्याच पानावर चौकटीत छापलेलं होतं की खोटी माहिती दिली किंवा खरी दडवली तर उमेदवार अपात्र, आणि पुढे कधीही उघड झालं तर नोकरी संपली.

आमच्याकडे ही गोष्ट कुणाला समजावून सांगावी लागत नाही, बाहेरच्यांना लागते. एकसष्टपर्यंत गोवा पोर्तुगालचा होता. त्याआधी इथे जन्मलेल्या माणसाला, त्याच्या मुलाला, नातवाला, आजही तिथलं नागरिकत्व मागता येतं. लिस्बनच्या दप्तरात जन्माची नोंद करायची, की तांबडा पासपोर्ट मिळतो. त्या पासपोर्टावर तेव्हा इंग्लंडात जाऊन काम करता यायचं. लिस्बन कुणी पाहिलेलं नसतं. माझे पप्पा दहा वर्षं स्विंडनच्या एका गोदामात खोकी उचलत होते. त्यातून आमच्या कौलारू घरावर स्लॅब पडला, माझं कॉलेज झालं.

तांबडा पासपोर्ट घेतला की आपला निळा परत करायचा असतो. पप्पांनी केला नव्हता. दर वर्षी चवथीला ते निळ्यावर घरी यायचे, गणपती विसर्जन करून तांबड्यावर परत जायचे. मधल्या कुठल्याशा विमानतळावर खिशातली अदलाबदल. मतदार यादीत नाव होतंच; निवडणूक चवथीच्या आसपास आली तर मतही देत. आमच्या वाड्यावर, म्हणजे वस्तीत, अशी आणखी चार घरं होती. याला कुणी गुन्हा म्हणत नव्हतं. याला 'सोय' म्हणत.

"भारतीय लिही आणि जेवायला ऊठ," आई म्हणाली. "इथे जन्मला, इथे वाढला. खोटं काय त्यात?"

"आणि पत्ता?"

"हाच."

"व्यवसाय?"

आईने सूप खाली ठेवलं. "त्यालाच विचार," ती म्हणाली आणि फोन माझ्यासमोर सरकवला.

मी स्पीकर लावला. पप्पांची चहाची सुट्टी होती. मागे कुठेतरी गाडी मागे घेतानाचा टी-टी आवाज येत होता.

"इंडियन लिही, बाय," ते म्हणाले. "पत्ता घरचा. धंदा, शेती."

"कुठली शेती, पप्पा?"

"सहा माड आहेत ना? मोजलेस कधी?" ते हसले. मीही हसले. पप्पांचं हसणं फोनवर यायचं तेव्हा खोकल्यासारखं वाटायचं.

"आणि पोलीस घरी आला तर?"

"चहा दे. म्हणावं, बाहेरगावी गेलाय. खोटं आहे का? बाहेरगावीच तर आहे."

"पप्पा, पुढे कधी कळलं तर मला काढून टाकतील. वर्दी घातल्यावर काढतील. त्यापेक्षा..."

"कोण जातोय लिस्बनला बघायला?" मग ते बाजूला गेले असावेत. गाडीचा आवाज बंद झाला. "बाय, तू लिहायला गेलीस तर एवढ्यावर भागणार नाही."

"म्हणजे?"

"तुझीही नोंद आहे."

आजोचा अडकित्ता थांबला.

"तू अकरा वर्षांची होतीस. माझे कागद करताना एजंट म्हणाला, मुलीचं एकदमच करून टाका, नंतर जड जातं. पासपोर्ट नाही गो काढला. नुसती नोंद. तुझ्या भल्यासाठीच..."

मी फोन टेबलावर उलटा ठेवला. मग पुन्हा सुलटा केला, कारण ते बोलतच होते.

"...म्हणून सांगतो, तो रकाना उघडू नकोस. मी आलो नाही इकडे, असं धर. माझा निळा पासपोर्ट जाईल, यादीतलं नाव जाईल. चवथीला यायचं झालं तर परक्यासारखा व्हिसा मागावा लागेल. स्वतःच्या घरी यायला."

आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. आमच्या घरी कोंकणी बोलतात. आई तेवढी सावंतवाडीची, ती मराठीवर यायची ती रागावली की. आता मराठीत म्हणाली, "झालं समाधान? आता मुकाट्याने भारतीय लिही."

मी पेन उचललं आणि पुन्हा ठेवलं.

आजोने अडकित्ता पानाच्या डब्यात ठेवला. एकोणऐंशी वर्षांचा माणूस. डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं, म्हणून बोलताना मान तिरकी करून उजवा कान पुढे करायचा. पंचावन्न साली आजो सत्याग्रहात गेला होता. आग्वादच्या तुरुंगात नऊ महिने. त्या कानावर बसलेल्या काठीची गोष्ट माझ्या शाळेतल्या प्रत्येक मुलाला पाठ होती, कारण दर एकोणीस डिसेंबरला, मुक्तिदिनाला, शाळेत झेंडा फडकवायचा तो आजोनेच. पांढरी टोपी, करकरीत धोतर. भाषणाला उभा राहिला की एकच वाक्य बोलायचा: जाग्यावरून हलू नका. आणि खाली बसायचा. मुलं टाळ्या वाजवायची, सुटका झाल्याच्याही असतील.

तो उठून टेबलापाशी आला. फॉर्मवर बोट ठेवून म्हणाला,

"पयलीं म्हजें नांव बरय."

पहिल्यांदा माझं नाव लिही.

"आजो, तुझा रकाना नाही यात. वडील, आई, भाऊ, बहीण. बस्स."

"मग मार्जिनांत बरय."

"मामंजी, तुम्ही नका पडू यात," आई म्हणाली.

आजोने खुर्ची ओढली. आईकडे न बघता तो मला सांगू लागला, आणि ते मला ठाऊक असायला हवं होतं, पण मी कधी विचारच केला नव्हता. पप्पा जन्मले मुक्तीनंतर दोन वर्षांनी. त्यांना लिस्बनची नोंद मिळायची, तर आधी त्यांच्या बापाची व्हायला हवी. पोर्तुगीज काळात जन्मलेला आमच्या घरात होता तो आजोच. एजंटाने कागद आणले. जनार्दन पालयेकर यांचा जन्म लिस्बनच्या दप्तरात चढवण्यास त्यांची संमती आहे.

"आणि तू सही केलीस?"

"तुझा बाप इथे खाली बसला होता," आजोने फरशीकडे बोट दाखवलं. "चार वर्षं नोकरी नाही. पाय धरले माझे. म्हणाला, तुमच्या काठीवर मला जगायचं नाही, तुमच्या जन्मावर जगू द्या. काय करायचं होतं मी? काठी खाताना विचार केला नाही. सही करताना केला. तीन दिवस केला, मग केली."

"बाहेर कुणाला..."

"कुणालाच ठाऊक नाही. दर वर्षी झेंडा ओढतो आणि खाली बसतो. भाषण का मोठं करत नाही, तुला काय वाटलं?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. त्याने उजवा कान माझ्याकडे केला, मी काही बोलेन म्हणून. मी पेनाचं टोपण काढलं. मग तो स्वतःच म्हणाला, "बरय गो. भियेता कित्याक?" लिही, घाबरतेस कशाला.

फोन अजून चालूच होता. पप्पांनी सगळं ऐकलं होतं. त्यांचा आवाज आला, अगदी शांत.

"लिही काय लिहायचं ते. पण मला वाचून दाखवू नकोस."

मी चारही प्रतींवर लिहिलं. वडील: जन्माने भारतीय, सध्या पोर्तुगीज. व्यवसाय, गोदाम कामगार. पत्ता, स्विंडन. माझ्या स्वतःच्या रकान्यात: जन्माने आणि अधिवासाने भारतीय, अज्ञान वयात लिस्बन येथे नोंद झालेली असून ती सोडण्याचा अर्ज करीत आहे. शेवटच्या पानावरच्या समासात एक ओळ आजोची, त्याच्या स्वतःच्या लिस्बनच्या नोंदीची. चौथ्या प्रतीपर्यंत माझं अक्षर सरळ झालं होतं.

त्या दिवसापासून आई माझ्याशी बोलेना. ताट मात्र वाढलं. आमसुलाची कढी, मला आवडते तशी. तांदूळ न निवडताच शिजवले असावेत, घासात खडा लागला. मी तो गिळला.

फॉर्मवर ओळख पटवणाऱ्याची सही लागायची. राजपत्रित अधिकारी, नाहीतर उमेदवार जिथे शिकला त्या शाळेचे मुख्याध्यापक. दुसऱ्या दिवशी मी सावळ सरांकडे गेले. सर मला पाचवीपासून ओळखत. त्यांनी चष्मा चढवला, शिक्का आणि पॅड काढून ठेवलं, पेढे कुठे आहेत म्हणून विचारलं, आणि वाचता वाचता शिक्का परत खणात टाकला.

"अक्षता, हे काय लिहिलंस?"

"खरं लिहिलंय सर."

"ते मला दिसतंय. पण कुणी विचारलंय?"

"रकाना सात, सर."

"शाणी आहेस मोठी." ते उठून दार लावून आले. "हे बघ. जगात कुणीही फॉर्म खरं सांगण्यासाठी भरत नाही. भरायचा म्हणून भरतात. उद्या पोलीस येतील. एका घरात आले की शेजारच्याही दारात उभे राहतात. माझा थोरला लेस्टरला आहे. सून तिथेच. त्याचं मतदार यादीतलं नाव अजून इथे आहे. वाड्यावर अशी किती घरं आहेत, तुला ठाऊक आहे. तुझ्या खांद्यावरच्या दोन चांदण्यांसाठी तू सगळ्यांच्या कौलांवर दगड टाकणार?"

"मी फक्त माझ्या घराबद्दल लिहिलंय."

"तुला अपात्र ठरवतील, वेडे. खरं लिहिणाऱ्यालाच आधी काढतात. आणि काय गो, जनार्दनभाऊंच्या नातीने असं लिहावं? त्यांच्या घराण्याचं नाव तरी..."

दार वाजलं. सरांनी उघडलं. बाहेर आजो उभा होता, काठी टेकत, घामाघूम. मला न सांगता तो मागून चालत आला होता. दीड किलोमीटर, त्या वयात.

"या, या भाऊ," सर म्हणाले. "तुम्हीच समजवा हिला."

आजो बसला नाही. त्याने उजवा कान पुढे केला. "काय समजवू?"

"हेच, की घराण्याचं नाव..."

"सर, शेवटचं पान वाचलंत?"

सरांनी शेवटचं पान उलटलं. समासातली ओळ वाचली. मग चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचली.

"भाऊ, तुम्ही?"

"दहा वर्षं झाली," आजो म्हणाला. "दहा वर्षं मी तुमचा झेंडा फडकवतोय. येत्या डिसेंबरात दुसरा माणूस बघा. आणि मुलांना सांगा का ते. मी सांगायला येतो हवं तर. भाषण या वेळी मोठं करीन."

सर खुर्चीत बसले. बाहेर कुठल्यातरी वर्गात पाढे चालले होते. सतरा चोक अडुसष्ट, सतरा पाचे पंच्याऐंशी. मला आठवतं, कारण मी मनात म्हटलं, सतरा साते येईपर्यंत सरांनी सही केली नाही तर आजोला घेऊन घरी जायचं.

"तुमच्या नातीला घेणार नाहीत, भाऊ," सर हळू आवाजात म्हणाले. "फुकट जाईल पोरीचं."

"जाईल तर जाईल. नाव दडवून आत गेली, तर रोज रात्री कोण दार वाजवतंय म्हणून झोपेतून उठेल. दहा वर्षं उठतोय मी. मला ठाऊक आहे."

सतरा सक एकशे दोन.

सरांनी खण उघडला. चारही प्रतींवर सही केली, शिक्का मारला. चौथ्या प्रतीवर शिक्का पुसट आला, तर त्यांनी पॅडवर पुन्हा दाबून शेजारी दुसरा मारला. माझ्या हातात फॉर्म देताना म्हणाले, "वर्दीतला फोटो आणून दाखव. आणि पेढे आण. फुकट नाही सही केली."

नंतरचं सगळं एका पाठोपाठ एक होत गेलं. मी पणजीला जाऊन लिस्बनची नोंद सोडत असल्याच्या अर्जावर सही केली. ज्या बाईंनी कागद घेतला त्यांनी दोनदा विचारलं, नक्की ना? लोक तर घ्यायला येतात. मी म्हटलं, मला वर्दी घ्यायची आहे. त्यांना ते कळलं की नाही ठाऊक नाही, पण पावती दिली.

मग हवालदार गडेकर चौकशीला आले. चहा घेतला, चकली खाल्ली, फॉर्म वाचला. मान खाजवत म्हणाले, "बाई, लोकांनी न लिहिलेलं शोधून काढायला मला पाठवतात. तू सगळंच लिहून ठेवलंस. आता मी काय चौकशी करू?" शेजाऱ्यांकडे मात्र ते गेलेच. रीतच तशी. दुसऱ्या दिवसापासून विहिरीवर, दुकानात, आईला पाहून बायका बोलणं थांबवू लागल्या. एकीने तोंडावर विचारलं, "काय गो, तुझी देशभक्तीण बरी आहे मा?" आईने दुकानातला सोललेला नारळ उचलून निरखून पाहिला आणि म्हणाली, "बरी आहे. तुझ्याकडे आली नाही अजून चौकशी? येईल हां." त्या दिवशी घरी येऊन ती माझ्याशी पुन्हा बोलायला लागली.

चवथीला पप्पा आले नाहीत. निळा पासपोर्ट त्यांनी टपालाने परत केला होता, दंडही भरला होता. गणपतीवर टांगायच्या लाकडी चौकटीला, माटोळीला, कात्रे, आटकी ही रानफळं, सुपारीचे घड बांधायला दर वर्षी स्टुलावर ते चढायचे. त्या वर्षी मी चढले. आजो खालून सांगत होता, डावीकडे, अजून डावीकडे. बांधून झाल्यावर आई आतून बघायला आली आणि म्हणाली, "तिरकी झालीय." तिरकी नव्हती झाली.

ऑक्टोबरची तुकडी माझ्याशिवाय गेली. पत्रात एवढंच होतं: पडताळणी प्रलंबित. मी रोज पहाटे पाच किलोमीटर धावत होते. वाड्यावरची पोरं ओरडायची, "अक्षतादिदी, लिस्बनला चाललीस की दिल्लीला?" मी वेग वाढवायचे. डिसेंबरात सावळ सर स्वतः आजोला न्यायला आले, पण आजो गेला नाही. एकोणीस तारखेला तो अंगणात खुर्ची टाकून बसला आणि शाळेच्या दिशेला उजवा कान करून झेंडागीत ऐकलं.

फेब्रुवारीत पत्र आलं. एप्रिलची तुकडी. चेन्नई.

अकादमीत अकरा महिने. त्याबद्दल पुन्हा कधीतरी, ते वेगळंच आहे. दीक्षान्त परेडच्या दिवशी आई-वडिलांनी दोन खांद्यांवर एकेक चांदणी लावायची, अशी तिथली रीत. मी पप्पांना जानेवारीतच लिहिलं होतं: व्हिसाला आत्ताच टाका, मार्चचा दुसरा शनिवार आहे. त्यांनी फोनवर सांगितलं, टाकलाय. मग फेब्रुवारी संपता संपता म्हणाले, अजून काही कळलं नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात म्हणाले, "नाही गो आला, बाय. तू उभी राहा नीट. पोट आत."

माझ्या उजव्या खांद्यावर आईने चांदणी लावली. डाव्या खांद्यावर आजोने. मागचा खिळा भोकात जाईना. शेजारी सगळ्यांच्या टाळ्या वाजून गेल्या होत्या. मी त्याच्या चांगल्या कानाशी म्हटलं, "आजो, सावकाश." तो म्हणाला, "हलू नकोस." फोटोत ती चांदणी तिरकी दिसते. मी ती दिवसभर तशीच ठेवली. पेढे सावळ सरांना दिले. त्यांनी दोन खाल्ले आणि एक रुमालात बांधून लेस्टरच्या पोरासाठी ठेवला, जणू तो तिथवर टिकणार होता.

पप्पा नंतर आले. माझ्या लग्नाला आले, माझ्या मुलीच्या, जुईच्या, बारशाला आले. दर वेळी रीतसर व्हिसा घेऊन, परदेशी माणसांच्या रांगेतून. त्या रांगेतून बाहेर आले की मला वर्दीत पाहून कडक सलाम ठोकायचे आणि लगेच खोकल्यासारखं हसायचे. परेडचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात ते स्विंडनलाच वारले. सोबत्यांनी त्यांची बॅग पाठवली. तीन स्वेटर, गोदामाचं ओळखपत्र, गणपतीचा एक छोटा फोटो, आणि रबर लावलेले पासपोर्ट. चालू होता तो, आणि त्याआधीचा, कोपरा कापलेला.

ती बॅग आज पहिल्यांदा जुईसमोर उघडी होती. मला वाटलं होतं ती झोपली आहे. तिच्या झोपेचे दोन तास मिळतात, त्यात मी थोडं थोडं हे लिहिते. ती उठून कधी आली कळलंच नाही. जमिनीवर मांडी घालून तिने माझा परेडचा फोटो पुढ्यात घेतला.

"ही आजी," ती म्हणाली. "हे पणजोबा. आजोबा कुठे आहेत?"

"त्यांना यायला परवानगी नव्हती मिळाली. सांगितलंय ना तुला."

हे मी तिला नेहमी सांगत आले आहे. तिने मान डोलावली आणि तांबड्या पासपोर्टांशी खेळू लागली. कोपरा कापलेला उघडला. एका पानावर मोठा हिरवट कागद चिकटवलेला आहे, त्यावर सिंहाची मुद्रा. त्यावरची तारीख मी बॅग आली त्या रात्रीच वाचली होती. वीस फेब्रुवारी. परेडच्या तीन आठवडे आधी. समोरचं पान कोरं आहे. विमानतळावरचा शिक्का नाही. व्हिसा आला होता. नुसता आला नव्हता, पप्पांनी तो जपून ठेवला होता.

"हे काय आहे?" जुईने कागदावर बोट ठेवलं. आता तिला मोठी अक्षरं वाचता येतात. "इं-डि-या."

"परवानगी."

"कसली?"

"आपल्याकडे यायची."

तिने पानाकडे पाहिलं. मग फोटोकडे. माझ्या डाव्या खांद्यावरच्या तिरक्या चांदणीकडे, आजोच्या हाताकडे. मग माझ्याकडे.

"मग आजोबा आले का नाहीत?"